आपल्या शाळेचा व्हिडिओ: नाशिकच्या कॅथलिक शाळांतल्या मुलामुलींसाठी पहिला धडा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मुलांनी केलेला व्हिडिओ हॉलमध्ये दाखवला, तेव्हा मी मागच्या रांगेत उभी होते. सुरुवातीला स्नेहसंमेलनातली नाचगाणी झाली, बक्षिसं झाली, नवी कॉम्प्युटर लॅब झाली. लोक बघत होते, मधूनमधून शेजारच्याशी बोलतही होते. मग पडद्यावर दोन हात आले. शिपाईकाकांचे. एका हातात लाकडी हातोडा, समोर टांगलेली पितळी घंटा, आणि मधल्या सुट्टीचा टोल. काकांचा चेहरा दिसतच नव्हता. जेमतेम अकरा सेकंदांचं दृश्य. सगळा हॉल एकदम शांत झाला आणि माझ्या पुढे बसलेल्या, पंचेचाळिशीच्या एक माजी विद्यार्थिनी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, तीच घंटा!"

ते दृश्य नववीतल्या एका मुलीने घेतलं होतं. काय काय घ्यायचं याच्या यादीत ते नव्हतं. ती घंटेजवळ उभी होती, काका आले, तिने फोन धरला, एवढंच. हा लेख मी लिहितेय तो तुम्हाला अशी अकरा सेकंदं मिळावीत म्हणून.

मी नाशिकरोडला राहते, लग्नांचे नि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा रोजचा धंदा, आणि गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीत मी माझ्या जुन्या शाळेतल्या मुलांबरोबर बसते. सेंट झेवियर्स, सेंट फिलोमिना, उंटवाडीचं सेक्रेड हार्ट, गंगापूर रोडचं निर्मला कॉन्व्हेंट, अशा शाळांमधली मुलंही ओळखीतून विचारायला येतात: "ताई, आम्हाला शाळेवर व्हिडिओ करायचाय, सुरुवात कुठून करू?" त्यांना तोंडी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी ठरवा: निमित्त काय आणि बघणार कोण

अमेरिकेत १९७४ पासून जानेवारीच्या शेवटी 'कॅथलिक शाळा सप्ताह' साजरा होतो आणि तिकडची मुलं त्या निमित्ताने शाळेवर छोटे व्हिडिओ करतात. आपल्याकडे निमित्तं वेगळी आणि भरपूर आहेत. एक म्हणजे शाळेच्या संताचा सण: झेवियरच्या नावाची शाळा असेल तर ३ डिसेंबर, येशूसंघाच्या फादरांची असेल तर ३१ जुलै, डॉन बॉस्कोची असेल तर ३१ जानेवारी, पवित्र मारियेच्या नावाची असेल तर ८ सप्टेंबर. शिवाय नाताळ, स्नेहसंमेलन, एखाद्या सिस्टरांची निवृत्ती, शाळेचा रौप्य किंवा सुवर्ण महोत्सव.

निमित्त ठरलं की एक वाक्य कागदावर लिहा: "हा व्हिडिओ बघून अमक्याला तमकं आठवेल." 'आमची शाळा किती छान' हे वाक्य चालणार नाही, ते कुठल्याही शाळेला लागू होतं. 'आमच्या शाळेत सकाळी सर्वांत आधी कोण येतं आणि सर्वांत शेवटी कोण जातं', हे चालेल. 'आमच्या ग्रोटोपाशी (आवारातल्या मारियेच्या गुहेपाशी) परीक्षेच्या दिवशी कोणकोण थांबतं', हेही चालेल. वाक्य जितकं लहान गोष्टीबद्दल, तितकं पुढचं काम सोपं.

लांबी तीन मिनिटं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी चौथ्या मिनिटात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. निवेदन असेल तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका, नाहीतर रेल्वेस्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकू येतं. आणि तीनही मिनिटं बोलू नका. दीड मिनिट शब्द, दीड मिनिट शाळेचे आवाज.

परवानग्या, आणि त्या खरोखर घ्यायच्या

हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण इथे घाई केली तर केलेला सगळा व्हिडिओ कपाटात पडून राहतो. मुख्याध्यापिका सिस्टर किंवा फादर यांना लेखी अर्ज द्या: काय चित्रित करणार, कोणत्या तारखांना, कुठे दाखवणार. एका शिक्षकांचं नाव जबाबदार म्हणून घाला.

मग पालक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'मूल' धरली आहे, आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. ओळखू येईल असा चेहरा हीसुद्धा माहितीच. म्हणून डायरीतून एक चिठ्ठी पाठवा, त्यात दोन वेगळ्या ओळी ठेवा: 'शाळेच्या हॉलमध्ये दाखवायला हरकत नाही' आणि 'इंटरनेटवर टाकायला हरकत नाही'. पुष्कळ पालक पहिल्या ओळीवर सही करतात आणि दुसरीवर करत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, त्यावर त्या मुलाला चिडवायचं नाही. ज्यांची सही आली नाही त्यांची यादी कॅमेरा धरणाऱ्याच्या खिशात हवी. त्यांना व्हिडिओतून वगळायचीही गरज नसते. त्यांचे हात घेता येतात, पाठमोरं घेता येतं, आणि वर बघितलंत तसं, कधीकधी हातच जास्त बोलतात.

आयकार्ड शर्टाच्या आत घालायला सांगा. त्यावर नाव, इयत्ता, फोन नंबर, सगळं असतं आणि आताचे फोन ते सगळं स्पष्ट टिपतात. व्हॅनची नंबरप्लेट आणि मुलांचा थांबा एकाच दृश्यात नको.

वसतिगृह असलेल्या शाळांसाठी खास सांगते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मुलांचे पालक दूर असतात, चिठ्ठी परत यायला दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि त्या मुलांना 'आम्ही यांना मदत करतो' अशा सुरात दाखवू नका. तुम्ही जसे गृहपाठ विसरता, कॅरम खेळता, तसे तेही. तसेच दाखवा.

ड्रोनचा विचार डोक्यातून काढून टाका. आपल्या शहरात नोटांचा छापखाना आहे, देवळालीला तोफखाना आहे, ओझरला हवाई दलाचा तळ आहे. परवानगीशिवाय ड्रोन उडवणं इथे साधी गोष्ट नाही. उंचावरून दृश्य हवंच असेल तर शिक्षकांना बरोबर घेऊन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून घ्या. असेंब्लीच्या रांगा तिथून सुरेख दिसतात.

माणसं शोधा, कॅमेरा न घेता

एक आठवडा फक्त वही घेऊन हिंडा. शाळा म्हणजे मुख्याध्यापिका आणि पहिल्या नंबरची मुलं एवढीच नसते. फाटकावरचे वॉचमनकाका, झाडूपोछा करणाऱ्या मावशी, व्हॅनवाले काका, कॅन्टीनमधल्या ताई, ग्रंथपाल सर, ज्यांची आई आणि आजीही याच शाळेत शिकली अशी मुलं, चॅपलमध्ये फुलं बदलणाऱ्या वयस्क सिस्टर. प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला. बोलता बोलता ज्यांचे डोळे चमकतात त्यांची नावं वहीत.

'शाळेबद्दल तुमचं मत सांगा' असं विचारलंत की 'शाळा फार छान आहे, शिस्त चांगली आहे' एवढंच उत्तर येतं. असं विचारून बघा: सकाळी आल्यावर तुमचं पहिलं काम कोणतं? मुलं घरी गेल्यावर शाळेत कसला आवाज येतो? कुठला विद्यार्थी अजून आठवतो, आणि का? तुमच्या पहिल्या दिवशी तुमच्याशी सर्वांत आधी कोण बोललं?

यातल्या पहिल्या प्रश्नाला आमच्या एका मावशींनी जे उत्तर दिलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "पावसाळ्यात मी आधी रेनकोट बघते." पहिलीतली मुलं एकसारखे निळे रेनकोट घालून येतात, सुटताना अदलाबदल होते, रडारड होते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या स्वतःच्या डब्यातले रंगीत दोरे आणतात आणि प्रत्येक रेनकोटच्या कॉलरला आतून दोन टाके घालतात. लाल दोरा कुणाचा, पिवळा कुणाचा, हिरवा-पांढरा कुणाचा, हे त्यांना पाठ. मुलांनी त्यांना कॉलर उलटून दाखवायला सांगितलं आणि अगदी जवळून घेतलं: सुरकुतलेलं बोट, निळं प्लास्टिक, त्यावर पिवळे दोन टाके. शाळा मुलांची काळजी घेते, हे वाक्य निवेदनातून आम्ही काढून टाकलं. गरजच उरली नव्हती.

माजी विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक शोधायला शाळेच्या ऑफिसातली जुनी रजिस्टरं, वार्षिक अंक, भिंतीवरचे फोटो उपयोगी पडतात. इतिहासात शिरणार असाल तर एक लक्षात ठेवा: नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग, १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, बिशप थॉमस भालेराव हे पहिले बिशप. त्यामुळे त्याआधीच्या शाळांचे काही कागद, फोटो पुण्याकडे किंवा शाळा चालवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या संघाच्या मुख्य मठात असू शकतात. सिस्टरांना विचारा, त्या पत्र लिहितील. जुना फोटो हातात मिळाला की खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून फोटो काढा. अल्बममधून ओढून काढू नका.

कुणी कुठल्या भाषेत बोलायचं? ज्याला ज्या भाषेत हसता येतं त्या भाषेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा व्हिडिओ म्हणून मावशींकडून पाठ केलेलं इंग्रजी वाक्य वदवून घेऊ नका. त्यांचं मराठी राहू द्या, खाली इंग्रजी सबटायटल द्या. केरळहून आलेल्या सिस्टरांचं मराठी थोडं वेगळं असतं, त्यावर हसू नका, ते दुरुस्तही करू नका.

'कॅथलिक' म्हणजे काय दाखवायचं?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो, बहुतेक वेळा ख्रिस्ती नसलेल्या मुलांकडून, कारण आपल्या या शाळांमध्ये बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतात. क्रूस, मूर्ती, चॅपलची काच, हे सगळं दाखवा, जरूर दाखवा, ते शाळेचं रूप आहे. पण विश्वास हा माणसांच्या वागण्यात कुठे दिसतो ते शोधा. दहावीच्या परीक्षेला निघालेली मुलगी ग्रोटोपाशी क्षणभर थांबते, तिच्या दप्तराला गणपतीची किचेन असते. कुणाच्या घरी दुःख झालं की असेंब्लीत त्याचं नाव घेऊन प्रार्थना होते. नाताळच्या आधी सातवीचा अख्खा वर्ग येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बांधायला थांबतो आणि गवत कुणाच्या शेतावरून येतं तर मखमलाबादच्या कुणाच्या. अशा गोष्टींची यादी करा. ख्रिस्ती मुलांनीही घरच्या गोष्टी आणाव्यात: नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा, हरेगावची मतमाऊलीची यात्रा, घरातली रोजची पवित्र माळ. आपल्या वर्गमित्रांना यातलं पुष्कळसं माहीत नसतं.

चॅपलमधल्या चित्रीकरणाचे नियम वेगळे आहेत. मिस्साच्या, म्हणजे फादर वेदीवर करतात त्या उपासनेच्या, आधी त्यांना भेटून विचारा. जागा एकच निवडा, शक्यतो मागे किंवा बाजूला, आणि मिस्सा संपेपर्यंत हलू नका. वेदीसमोरून चालायचं नाही. फोन फ्लाइट मोडवर, फ्लॅश आणि टिकटिक आवाज बंद. कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेणाऱ्या माणसाचा चेहरा जवळून घ्यायचा नाही, तो त्याचा आणि प्रभूचा क्षण आहे. प्रायश्चित्ताच्या, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या, ठिकाणी तर कॅमेरा काढायचाच नाही. गायनाचा आवाज मात्र मनसोक्त घ्या. आवाज घेतल्याने कुणाची प्रार्थना मोडत नाही.

चित्रीकरण: फाळक्यांच्या गावात

एक गोष्ट नाशिकच्या प्रत्येक मुलाने माहीत करून घ्यावी. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. १९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि तिथेच त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या. दोन वर्षांत त्यांनी ते करून दाखवलं, मग काम नाशिकला हलवलं, आणि १९४४ साली इथेच त्यांनी देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहलीला तुम्ही गेलाच असाल. भारतातल्या चित्रपटाची ठिणगी येशूच्या चरित्रावरून पडली आणि तो माणूस आपल्या जिल्ह्यातला, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतेय.

फाळक्यांच्या दोन युक्त्या आजही चालतात. पहिली त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची. चित्रीकरणाच्या वेळी त्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर उजेड परत पडे. तुम्हीही तेच करा. बोलणाऱ्याला खिडकीशेजारी तिरकं बसवा, एक गाल खिडकीकडे. दुसरा गाल काळा दिसतो. त्या बाजूला दोघांनी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा मोठा तुकडा धरला की चेहरा उजळतो. खर्च शून्य. खिडकी पाठीमागे ठेवून कुणालाही बसवू नका, माणूस सावली होऊन जातो.

दुसरी युक्ती वाटाण्याची. पहिला चित्रपट करण्याआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा जागचा न हलवता रोज थोडं थोडं चित्रित केलं, आणि महिनाभराचं उगवणं मिनिटाभरात दाखवलं. नाताळच्या गोठ्यासाठी आपल्याकडे पुष्कळ जण ताटात गहू किंवा नाचणी पेरतात, हिरवं शेत दिसावं म्हणून. ते ताट लॅबमधल्या एका कोपऱ्यात ठेवा, फोन ठेवायची जागा खडूने आखून घ्या, आणि दर तासिकेला एक फोटो. दिवसाला सहा, दहा दिवसांत साठ फोटो. प्रत्येक फोटो दोन फ्रेम ठेवलात तर सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशोबाने जवळजवळ पाच सेकंदांचं दृश्य मिळतं. गहू डोळ्यांसमोर उगवतो. हे पहिल्याच वर्षी जमण्यासारखं आहे, फक्त ज्याची पाळी त्याने चुकवायची नाही.

आता फोनचं थोडं. आडवा धरा. १०८० पी पुरे, फोर-के घेऊन मेमरी भरू नका. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम मिळत असेल तर तेच निवडा. कारण असं, आपली वीज ५० हर्ट्झची, वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण ३० फ्रेमवर कधीकधी कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात. शटर हाताने बदलता येत असेल तर १/५० ठेवा. काहीच बदलता येत नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडावर घ्या.

झूम करू नका, चालत पुढे जा. कोपर अंगाला चिकटवा किंवा फोन बाकावर पुस्तकांच्या चळतीला टेकवा. आणि प्रत्येक दृश्य मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरा. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे तीन सेकंदात कॅमेरा फिरवणं. तुम्हाला वाटतं फार वेळ झाला, एडिटला बसलं की कळतं दृश्य सुरू होण्याआधीच संपलंय.

प्रत्येक जागेची तीन दृश्यं घ्या: लांबून, मध्यावरून, अगदी जवळून. जवळच्या दृश्यांवर भर द्या. डब्याच्या झाकणावर खरवडलेलं नाव, फळ्यावरच्या तारखेशेजारी रोज काढलेला छोटा क्रूस, पायरीला पडलेला खळगा, बास्केटबॉलच्या खांबावरचा गंज.

आवाज, ज्याकडे कुणी बघत नाही

इथे मी माझी चूक सांगते. सुरुवातीच्या एका वर्षी, पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त होणाऱ्या एका सिस्टरांची मुलाखत आम्ही घेतली. चाळीस मिनिटं बोलल्या. पहिल्या वर्गातल्या मुली, पुराच्या वर्षी शाळेत राहायला आलेली कुटुंबं, सगळं. एप्रिल होता, पंखा फुल्ल चालू होता आणि फोन त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर आणि तिच्यामागे कुठेतरी सिस्टर. सॉफ्टवेअरने जेवढं करता आलं तेवढं केलं, तरी निम्मं वाया गेलं. पुन्हा मुलाखत घ्यायला गेले तोवर त्यांची दुसऱ्या मठात बदली झाली होती. ते वाईट मला अजून वाटतं.

म्हणून, पंखा बंद. उकडलं तरी बंद, दर पाच मिनिटांनी थांबून लावा. आवाजासाठी दुसरा फोन घ्या, त्यावर रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात किंवा मांडीवर ठेवा. साधा वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माइक कॉलरला, हनुवटीपासून वीतभर खाली, टेपने चिकटवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिट करताना दोन्ही फोनचे आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. एक मिनिट बोलून झालं की थांबा आणि ऐकून बघा. मगच पुढे.

शाळेच्या वेळेची बेल, रेल्वेचा भोंगा, देवळाली कॅम्पकडे असाल तर सरावाच्या तोफा, यातलं काही मध्ये आलं तर माणसाला थांबवा आणि ते वाक्य नम्रपणे पुन्हा म्हणायला सांगा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यं जोडताना मध्ये हीच शांतता लागते.

आणि शाळेचे आवाज वेगळे गोळा करा: एकशेसाठ मुलांनी एकदम म्हटलेली 'आमेन', बाकांचा खरखराट, कॅन्टीनमधला वडापावच्या कागदाचा आवाज, सुट्टी होताच जिन्यावरची धावपळ. ही दीड मिनिटं तुमच्या व्हिडिओचा प्राण आहेत.

एडिटिंग

रोज संध्याकाळी फायली कॉम्प्युटरवर उतरवा आणि नावं द्या: 'मावशी_रेनकोट_जवळून_१' अशी. एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा घसरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फायली दोन ठिकाणी असल्याशिवाय फोनमधून काही पुसायचं नाही.

फोनवर व्हीएन किंवा इनशॉट चालेल. शाळेच्या लॅबमध्ये बरा कॉम्प्युटर असेल तर शॉटकट किंवा डाव्हिंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं. कुठलंही घ्या, काम तेच: आधी बोलण्याचे तुकडे ओळीने लावा, डोळे मिटून ऐका, गोष्ट कळते का बघा. कळली की मग वर दृश्यं ठेवा. दृश्यांच्या मध्ये फिरणारे तारे, उलटणारी पानं असले इफेक्ट टाकू नका. साधा कट पुरतो.

सिनेमातलं गाणं लावलंत तर यूट्यूब व्हिडिओ अडवू शकतं, आणि दुसऱ्याची मालमत्ता न विचारता घेणं तसंही बरोबर नाही. तुमचा क्वायर आहे, तबला शिकणारा कुणी वर्गात आहे, सिस्टर कीबोर्ड वाजवतात. त्यांच्याकडून घ्या. जुन्या भजनांबद्दल एक उपयोगाची माहिती: भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, म्हणजे त्यांची ख्रिस्ती भजनं तुम्ही मोकळेपणाने गाऊ शकता. मात्र कुणीतरी अलीकडे लावलेली चाल किंवा केलेलं रेकॉर्डिंग उचलायचं नाही, स्वतः गायचं.

मुलांना प्रेरणा म्हणून मी कार्लो अकुटिसची आठवण करून देते. इटलीतला हा मुलगा, शाळेत असतानाच त्याने युखारिस्तातल्या (मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली, २००६ साली पंधराव्या वर्षी गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संत म्हणून जाहीर झाला. त्याच्याकडे होता तो साधा कॉम्प्युटर आणि एका गोष्टीचा ध्यास.

दाखवण्याआधी

कच्चा व्हिडिओ आधी त्यातल्या माणसांना दाखवा. सगळ्यांना, मावशींनाही. कुणी म्हणालं "एवढं वाक्य नको", तर काढा, कारण विचारू नका. मग एका ख्रिस्ती आणि एका ख्रिस्ती नसलेल्या मुलाला बसवा आणि विचारा, कुठे कळलं नाही, कुठे खटकलं. शेवटी सिस्टर किंवा फादर.

नावांची पाटी नीट तपासा. मराठीत आडनाव चुकलं की माणूस दुखावतो आणि बोलत नाही. आभारांमध्ये चादर धरणाऱ्यांचीही नावं घाला.

इंटरनेटवर टाकायचंच असेल तर शाळेच्या खात्यावरून, कॉमेंट बंद ठेवून, आणि चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीवर ज्यांच्या पालकांची सही आहे तेवढ्यांचेच चेहरे ठेवून. माझा आग्रह मात्र आधी हॉलमध्ये दाखवण्याचा. पडदा नसेल तर भिंतीवर चादर लावा. स्पीकर आदल्या दिवशी तपासा, प्रोजेक्टरची वायर शोधून ठेवा, पडदे लावले की खोली खरोखर अंधारी होते का ते दुपारी त्याच वेळी बघा. शिपाईकाका, मावशी, व्हॅनवाले यांना पुढच्या रांगेत खुर्ची द्या.

सगळं झालं की पूर्ण व्हिडिओ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न कापलेल्या मुलाखती, एका हार्ड डिस्कवर घाला. वर चिकटपट्टीवर वर्ष, निमित्त आणि तुमच्या गटाची नावं लिहा. सोबत कागदावर यादी: कोणत्या फाइलमध्ये कोण बोलतंय. डिस्क ग्रंथपाल सरांच्या कपाटात, वार्षिक अंकांच्या शेजारी ठेवा आणि रजिस्टरमध्ये नोंद करून त्यांची सही घ्या.